तलवार म्यानातून निघण्याआधी: नव्या डीएमसाठी लढाई सुरू करण्याची रीत

पुलाच्या तोंडाशी सहा दांडगे उभे आहेत. त्यांचा म्होरक्या हात पुढे करून म्हणतो, "माणशी पाच सोन्याची नाणी, नाहीतर आल्या वाटेने परत फिरा." गटातली पुजारीण, म्हणजे क्लेरिक, त्याच्याशी गोडीगुलाबीनं बोलतेय. लढवय्या फायटर मागे खेचराजवळ थांबलाय. जादूगार विझार्ड पुलाच्या कठड्यावरची अक्षरं वाचतोय. तेवढ्यात चोराचं पात्र खेळणारा म्हणतो, "मी कट्यार काढतो आणि याच्या गळ्यात खुपसतो."

टेबलावर एकच गलका होतो. फायटर म्हणतो, "मग मीही धावलोच." विझार्ड म्हणतो, "माझा स्पेल तर आधीपासून तयार होता." क्लेरिक वैतागून म्हणते, "अरे, मी बोलत होते ना!" मग सगळे गप्प होऊन तुमच्याकडे बघू लागतात, कारण डीएम तुम्ही आहात.

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या, टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळात पुढच्या एका मिनिटात काय करायचं, याबद्दल हा लेख आहे. लढाई कशी लढावी हे नियमपुस्तकात सविस्तर असतं. पण गप्पांमधून लढाईत शिरायचं कसं, हे बहुतेक पुस्तकं दोन-चार परिच्छेदांत उरकतात. नवे डीएम अडखळतात ते नेमके तिथेच.

अगदी नव्यांसाठी चार शब्द आधी सांगतो. डीएम म्हणजे सूत्रधार, जो जग आणि त्यातली बाकीची सगळी माणसं, राक्षस, जनावरं चालवतो. राऊंड म्हणजे लढाईतली एक फेरी. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीत ती सुमारे ६ सेकंदांची धरतात. त्या फेरीत प्रत्येकाला मिळणारी पाळी म्हणजे टर्न. आणि कोणाची पाळी कोणाच्या आधी, हे ठरवणारा आकडा म्हणजे इनिशिएटिव्ह. पाचव्या आवृत्तीत तो काढायला वीस बाजूंचा फासा टाकतात, त्यात डेक्स्टेरिटीचा, म्हणजे चपळाईचा, मॉडिफायर (अधिक-उणे आकडा) मिळवतात आणि मोठ्या आकड्याला आधी पाळी देतात. मी मुख्यतः याच खेळाच्या आधाराने लिहितोय, कारण बहुतेक जण सुरुवात इथूनच करतात. तुमचा खेळ वेगळा असला तरी अडचणी याच असतात.

घरून करून आणायची तयारी

लढाईची सुरुवात रखडते ती बहुतेक वेळा शोधाशोधीमुळे. आकडे कुठे लिहिलेत, फासे कुठे गेले, कोण कुठे उभं होतं, यातच वेळ जातो. म्हणून खेळाला बसण्याआधी एका कागदावर प्रत्येक पात्राचं नाव, त्याचा आर्मर क्लास (त्याला वार लागायला किती आकडा लागतो तो) आणि पॅसिव्ह पर्सेप्शन लिहून ठेवा. पॅसिव्ह पर्सेप्शन म्हणजे १० अधिक पर्सेप्शनचा, म्हणजे आसपासचं टिपण्याच्या कौशल्याचा, मॉडिफायर. पात्र मुद्दाम शोधत नसतानाही त्याच्या नजरेला काय पडेल, हे त्यावरून ठरतं. हा आकडा तुमच्याकडे असला की खेळाडूंना फासे टाकायला सांगून सावध करावं लागत नाही. "सगळ्यांनी पर्सेप्शन टाका" असं म्हटलं की कोणी कितीही कमी टाकलं तरी काहीतरी दबा धरून बसलंय हे टेबलावरच्या प्रत्येकाला कळलेलं असतं.

शत्रूंचं इनिशिएटिव्ह घरीच टाकून ठेवायला काहीच हरकत नाही. एकसारख्या प्राण्यांच्या गटासाठी एकच फासा टाकावा, असं पाचव्या आवृत्तीचे नियमच सांगतात. सहा दांडग्यांसाठी सहा वेळा फासे टाकत बसू नका. साथीदारांचा एक आकडा आणि म्होरक्याचा वेगळा, एवढं पुरतं.

याच कागदावर शत्रूबद्दल दोन ओळी लिहा: यांना हवंय काय, आणि हे पळतील कधी. पुलावरच्या दांडग्यांना पैसे हवेत, जीव द्यायचा नाहीये. म्होरक्या पडला किंवा निम्मे लोक पडले की बाकीचे पळतील. या दोन ओळी तुम्ही किती वेळा वापराल हे सुरुवातीला लक्षात येत नाही. त्या नसतील तर प्रत्येक शत्रू शेवटच्या श्वासापर्यंत लढतो, आणि प्रत्येक भेट कत्तलीतच संपते.

चालण्याचा क्रमही आधीच विचारून ठेवा. पुढे कोण, मागे कोण, कंदील कोणाच्या हातात, हे गुहेत शिरतानाच लिहून घेतलं की पुढे "मी कुठे पुढे होतो, मी तर मागेच होतो" हा वाद होत नाही. खेळाडू लबाडी करतात असं माझं म्हणणं नाही. प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चित्र असतं, आणि धोका दिसला की माणूस आपल्या चित्रातल्या सुरक्षित जागेला धरून बसतो.

ही लढाई आहे का, हे आधी ठरवा

समोर शत्रू दिसला म्हणजे इनिशिएटिव्ह टाकायलाच हवं असं नाही. हा खेळ युद्धखेळांतून जन्मला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला. तरीही जुन्या आवृत्त्यांमध्ये भेट म्हणजे लढाईच असं समीकरण नव्हतं. १९८१ च्या बेसिक नियमांत एक सुंदर तक्ता आहे. समोरच्यांची वृत्ती ठरलेली नसेल तर डीएम सहा बाजूंचे दोन फासे टाकतो. बेरीज २ आली तर ते थेट हल्ला करतात. ३ ते ५ म्हणजे वैर, कदाचित हल्ला. ६ ते ८ म्हणजे काय करावं या संभ्रमात. ९ ते ११ म्हणजे हल्ला नाही, ते निघून जातील किंवा बोलणी ऐकतील. आणि १२ म्हणजे चक्क दोस्ती. दोन फाशांची बेरीज मधल्या आकड्यांवर जास्त वेळा येते, त्यामुळे सरळ हल्ला क्वचित होतो. तुम्ही कोणतीही आवृत्ती खेळत असलात तरी हा तक्ता उचलून वापरा. मी अजून वापरतो.

उलट टोकाची गोष्टही लक्षात ठेवा. झोपलेल्या एकट्या पहारेकऱ्याला मागून आवळायचंय, आजूबाजूला कोणी नाही, अशा वेळी पूर्ण लढाईचा थाट मांडू नका. एक स्टेल्थ चेक, म्हणजे लपतछपत जाणं जमतं का याचा फासा, घ्या, जमलं तर जमलं. फसलं, आणि तो ओरडला, तर मग इनिशिएटिव्ह.

माझी कसोटी सोपी आहे. दोन्ही बाजूंना काहीतरी करायचंय आणि कोण आधी करतं यावर निकाल फिरतोय, तेव्हाच इनिशिएटिव्ह टाकायचं.

कोणी कोणाला पाहिलं

सर्वांत जास्त गोंधळ सरप्राइजबद्दल, म्हणजे बेसावध गाठलं जाण्याबद्दल, आहे, कारण प्रत्येक आवृत्तीत हा नियम बदललाय. एक उदाहरण आकड्यांसकट घेऊ.

वाटेच्या कडेला झुडपात चार गॉब्लिन, म्हणजे बुटके राक्षस, दडलेत. डीएमने गटासाठी स्टेल्थचा एक फासा टाकला, ९ आले. गॉब्लिनचा स्टेल्थ अधिक ६, म्हणजे १५. आता कागद बघा. क्लेरिकचं पॅसिव्ह पर्सेप्शन १६, चोराचं १३, विझार्डचं ११, फायटरचं १०. म्हणजे क्लेरिकला पानं हललेली दिसली. बाकी तिघे बेसावध.

पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मूळ नियमांनुसार हे तिघे पहिल्या पाळीत हलू शकत नाहीत, कोणतीही ॲक्शन घेऊ शकत नाहीत आणि ती पाळी संपेपर्यंत त्यांना रिॲक्शनही (सहसा दुसऱ्याच्या पाळीत चटकन करायची कृती) नाही. क्लेरिक नेहमीसारखी खेळते. इथे दोन गोष्टी लोक चुकवतात. एक म्हणजे बेसावधपणा प्रत्येकाचा वेगळा मोजायचा, सगळ्या गटाचा मिळून नाही. दुसरी म्हणजे पाचव्या आवृत्तीत "सरप्राइज राऊंड" असा वेगळा प्रकार नाही. तो २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत होता आणि जुन्या खेळाडूंच्या तोंडी अजून आहे. पाचव्या आवृत्तीत सगळेच इनिशिएटिव्ह टाकतात, बेसावध असलेलेही. समजा फायटरचं इनिशिएटिव्ह १९ आलं आणि गॉब्लिनांचं १२. फायटरची पाळी आधी येते, तो काही करू शकत नाही, पण पाळी संपली की त्याचा बेसावधपणाही संपतो. गॉब्लिन अंगावर येतील तेव्हा त्याच्या हातात रिॲक्शन असते. चपळ माणूस दचकला तरी लवकर सावरतो, असं हे गणित आहे.

२०२४ च्या सुधारित नियमांनी हे हलकं केलं. आता बेसावध पात्राला इनिशिएटिव्हवर डिसॲडव्हांटेज मिळतं, म्हणजे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. पाळी मात्र पूर्ण मिळते. नीट लपून बसलेल्यांना उलट ॲडव्हांटेज मिळतं. नव्या टेबलासाठी मला हाच नियम बरा वाटतो. पहिल्यांदा खेळायला आलेल्या माणसाला "तुझी पाळी आली, पण तू काही करू शकत नाहीस" असं सांगणं जिवावर येतं.

पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीची वाट वेगळी आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. तिथे इनिशिएटिव्ह सहसा पर्सेप्शनवर टाकतात. पण तुम्ही त्या वेळी लपतछपत चालला असाल तर स्टेल्थवर, म्हणजे लढाईच्या आधी तुम्ही जे करत होतात त्यावरच पहिला आकडा ठरतो. पुलावरची क्लेरिक म्होरक्याला बोलण्यात गुंतवत होती, तर डीएम तिला डिसेप्शनवर, म्हणजे फसवण्याच्या कौशल्यावर, इनिशिएटिव्ह टाकू देऊ शकतो.

कुठलाही नियम घ्या, पण खेळाच्या पहिल्याच दिवशी टेबलाला सांगून टाका. फासे पडल्यावर नियम समजावायला गेलात तर तो समजावणं वाटत नाही, पक्षपात वाटतो.

"मी आधी मारतो!"

आता पुलाकडे परत जाऊ. लेखाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

चोराने वार जाहीर केला. नव्या डीएमला सहज वाटतं, याने आधी सांगितलं तर याला आधी मारू द्यावं, मग बाकीच्यांनी इनिशिएटिव्ह टाकावं. ऐकायला न्याय्य वाटतं. मीही सुरुवातीच्या एका लांब खेळात हेच करत होतो. तीन-चार बैठकांत माझ्या लक्षात आलं की माझ्या जगातल्या कुठल्याच माणसाचं वाक्य पुरं होत नाहीये. जो आधी ओरडेल त्याला एक वार फुकट मिळतो, हे खेळाडूंनी बरोबर हेरलं होतं. एक म्हातारा जादूगार त्यांना राजवाड्याचा गुप्त रस्ता सांगायला आला होता. "थांबा, मी तुमचा..." एवढं म्हणेपर्यंत त्याच्या छातीत बाण होता. त्यात खेळाडूंची चूक नव्हती. घाई करणाऱ्याला बक्षीस मी देत होतो. पहिला वार फुकट दिला की बोलणं मरतं. आणि जी क्लेरिक मन लावून बोलत होती, तिचा पुढच्या वेळी बोलण्यातला रसच जातो.

म्हणून असं करा. चोराचं वाक्य पुरतं ऐकून घ्या, आणि हात वर करून सगळ्यांना थांबवा. मग वर्तमानकाळात, सावकाश, एवढंच सांगा: "तुझा हात कट्यारीच्या मुठीकडे गेलाय." वार झालेला नाही. कट्यार म्यानातच आहे. तुम्ही त्याचा बेत नाकारला नाही, फक्त काळ गोठवलात.

मग त्याला विचारा, "नक्की?" हा प्रश्न धमकीच्या सुरात विचारायचा नाही. कधी कधी खेळाडूला म्होरक्याच्या बाजूचे पाच जण लक्षातच नसतात, त्याच्या मनातल्या चित्रात तो एकटाच उभा असतो. चित्र नीट कळल्यावर बेत बदलू द्या. त्याच्या पात्राच्या डोळ्यांना ते पाच जण दिसत होतेच.

तो ठाम असेल तर पुढचा प्रश्न तुम्ही स्वतःला विचारायचा: हे येतंय हे समोरच्याला कळण्याचा मार्ग होता का? चोर आधीपासून म्हणत असता, "मी क्लेरिकच्या आडोशाने हळूच झग्याखाली कट्यार मोकळी करून ठेवतो," तर गोष्ट वेगळी. तेव्हा स्लाइट ऑफ हँड, म्हणजे हातचलाखीचा फासा, टाकायला लावा, म्होरक्याच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी ताडून बघा, आणि जमलं तर म्होरक्या बेसावध धरा. आधीच्या तयारीचं फळ मिळालंच पाहिजे. इथे मात्र तसं काही झालेलं नाही. दोन टोळ्या समोरासमोर आहेत, हवेत ताण आहे, सहाही दांडग्यांचे हात शस्त्रांजवळच आहेत. बेसावध कोणीही नाही. सगळे इनिशिएटिव्ह टाकतील.

विझार्ड म्हणतो, "पण मी स्पेल तयार ठेवला होता." धनुर्धारी असेल तर तो म्हणेल, "मी बाण ताणूनच उभा होतो." पाचव्या आवृत्तीत रेडी, म्हणजे एखादी कृती तयार धरून ठेवणं, ही लढाईतल्या पाळीत घ्यायची ॲक्शन आहे, लढाईच्या बाहेर ती अंगावर घालून फिरता येत नाही. कारणही साधं आहे. तुम्ही ताणून उभे असाल तर समोरचाही उभा आहे, आणि दोघांत कोण आधी सोडतो हेच तर इनिशिएटिव्ह ठरवतं. ताणलेला बाण समोरच्याला दिसत नसेल आणि खेळाडूने ते आधी बोलून ठेवलं असेल, तर मी त्याला इनिशिएटिव्हवर ॲडव्हांटेज देतो. तो माझा निवाडा आहे, पुस्तकातला नियम नाही, पण टेबलाला तो पटतो.

समजा आकडे असे आले: क्लेरिक १७, म्होरक्या १४, चोर १२, साथीदार ९, फायटर ८, विझार्ड ५. ज्याने लढाई सुरू केली तोच तिसरा! चोराचा खेळाडू हिरमुसतो, आणि हाच क्षण डीएमने सांभाळायचा असतो. आकडा वाचून दाखवू नका, तो गोष्टीत बसवा. "तुझा खांदा किंचित आवळला गेला. म्होरक्या आयुष्यभर अशाच पुलांवर उभा राहिलाय, त्याने तो खांदा पाहिला. आणि त्याच्याही आधी, तुझ्या शेजारी उभ्या असलेल्या क्लेरिकने पाहिला." आता तिसरा नंबर अन्याय वाटत नाही.

एक गोष्ट कटाक्षाने पाळा. चोराची पाळी येईल तेव्हा त्याला पुन्हा विचारा, "आता काय करतोस?" आधी जाहीर केलेला वार त्याच्यावर बंधनकारक नाही. दोन पाळ्यांत चित्र बदललेलं असतं.

फासे टाकून घेणं आणि क्रम लावणं

हे दोन मिनिटांच्या आत उरकायचं. गोलाकार फिरत प्रत्येकाला आकडा विचारण्यापेक्षा वरून खाली हाका मारा: "वीसच्या वर कोणी? पंधरा ते वीस? दहा ते पंधरा?" क्रम आपोआप लागत जातो.

लिहायला माझी आवडती पद्धत चिठ्ठ्यांची आहे. प्रत्येक पात्राच्या नावाची जाड कागदाची चिठ्ठी मधोमध दुमडायची आणि डीएमच्या पडद्यावर, म्हणजे आपले कागद झाकायला तो समोर उभा करतो त्या आडोशावर, अडकवायची, नाव दोन्ही बाजूंना. क्रम तुम्हालाही दिसतो, खेळाडूंनाही दिसतो. पडदा नसेल तर पुठ्ठ्याच्या कडेला कपड्यांचे चिमटे लावा. कोणी मध्येच लढाईत आलं, तर तेव्हा त्यांचं इनिशिएटिव्ह टाकून चिठ्ठी मध्ये सरकवली की झालं. शत्रूंच्या चिठ्ठीवर नाव लिहू नका, नुसती खूण करा. धुक्यात कोण आहे हे चिठ्ठीनेच सांगून टाकलं तर मजा जाते.

बरोबरी झाली तर २०१४ च्या नियमांत खेळाडूंनी आपसांत ठरवायचं, शत्रूंमधली बरोबरी डीएमने सोडवायची, आणि खेळाडू विरुद्ध शत्रू असेल तरीही डीएमने ठरवायचं. पाथफाइंडरच्या दुसऱ्या आवृत्तीत शत्रू आधी. मी खेळाडूला आधी देतो आणि पुढे जातो.

पहिल्या पाळीआधीची चार वाक्यं

क्रम लागला की लगेच "क्लेरिक, तुझी पाळी" म्हणू नका. फासे आणि चिठ्ठ्यांच्या नादात सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून पूल नाहीसा झालेला असतो. तो परत उभा करा. अंतरं सांगा, आडोसे सांगा, आणि या घडीला सगळ्यांत मोठा धोका कोणता ते सांगा.

"पूल दहा फूट रुंद, दोन्हीकडे कंबरेएवढा कठडा, खाली पाण्याचा खळखळाट. म्होरक्या तुमच्यापासून पाच फुटांवर. त्याच्या मागे तिघे भाले घेऊन. दोघे पलीकडच्या टोकाला, साठ फुटांवर, आणि त्यातल्या एकाने धनुष्य खांद्यावरून उतरवलंय. फायटर, तू खेचराजवळ, क्लेरिकच्या तीस फूट मागे."

अंतर शोभेसाठी सांगत नाही. बहुतेक पात्रांचा वेग पाळीला ३० फूट. शत्रू ३० फुटांवर असेल तर फायटर पहिल्याच पाळीत तलवार चालवतो. ६० फुटांवर असेल तर डॅश करूनही, म्हणजे ॲक्शनही धावण्यात घालवूनही, नुसता पोचतो, वार पुढच्या पाळीत, आणि तोवर धनुष्यवाल्याला एक बाण जास्त मिळतो. लढाई ७० फुटांवरून सुरू झाली की १५ फुटांवरून, यावर कोणाचा दिवस चांगला जाणार हे बऱ्याच अंशी ठरतं. दर वेळी अगदी जवळून सुरुवात केलीत तर धनुर्धारी आणि विझार्ड घुसमटतात, आणि दर वेळी मैदानातून केलीत तर फायटर नुसता धावत राहतो. बदलत राहा.

चौकोनांचा नकाशा वापरत असाल, जिथे एक चौकोन म्हणजे ५ फूट, तर सोंगट्या मांडतानाच हे सगळं बोला. नकाशा नसेल तर एखाद्या वहीच्या पानावर चार रेघा ओढा आणि नाणी ठेवा. सुंदर दिसायला नको, सगळ्यांना एकच चित्र दिसलं की पुरे.

मग पाळी पुकारताना पुढच्याचंही नाव घ्या: "क्लेरिक, तुझी पाळी. त्यानंतर म्होरक्या, मग चोर." पुढच्याला विचार करायला वेळ मिळतो आणि खेळ वाहता राहतो. एखादा नवा खेळाडू गोंधळून गप्प झाला तर दोन पर्याय सुचवा, तिसरा त्याच्यावर सोडा. त्याच्यासाठी निर्णय घेऊन टाकू नका.

दुसऱ्या चाली

इनिशिएटिव्हची एकच पद्धत नाही, आणि तुमच्या टेबलाला ही जड वाटत असेल तर बदलून बघा. १९८१ च्या बेसिक नियमांत प्रत्येक बाजू सहा बाजूंचा एक फासा टाकते आणि जिंकलेली बाजू सगळीच्या सगळी आधी खेळते. लहान मुलांबरोबर किंवा आठ-नऊ खेळाडू असतील तेव्हा याच्याइतकं सुटसुटीत काही नाही. फक्त हरलेल्या बाजूला पहिल्या फेरीत जबर मार बसू शकतो. सॅव्हेज वर्ल्ड्स या खेळात पत्त्यांचा कॅट वापरतात, दर फेरीला नवे पत्ते वाटतात, आणि जोकर आला तर त्या माणसाची चंगळ. डंजन वर्ल्ड या खेळात तर इनिशिएटिव्हच नाही, गोष्ट जिकडे वळेल तिकडे डीएम विचारतो, "आता तू काय करतोस?" ही शेवटची पद्धत सोपी वाटते, पण गप्प बसणारा खेळाडू तिच्यात विसरला जातो. पहिली वर्ष-दोन वर्षं तरी चिठ्ठ्यांचा क्रम बरा. त्यात गप्प बसणाऱ्यालाही पाळी मिळतेच.

क्रम लागला म्हणजे मारामारी लागलीच असं नाही

इनिशिएटिव्ह टाकलं की खेळाडूंना वाटतं, आता बोलण्याचं दार बंद. तसं अजिबात नाही. पाळीत बोलता येतं, हात वर करता येतात, शस्त्र खाली टाकता येतं, पळूनही जाता येतं. शत्रूही तेच करू शकतो, आणि त्यासाठीच घरून लिहून आणलेल्या त्या दोन ओळी उपयोगी पडतात.

पुलावर पहिली पाळी क्लेरिकची होती. तिची खेळाडू थोडा वेळ चिठ्ठ्यांकडे बघत बसली. मग चोराच्या खेळाडूला म्हणाली, "मी तुझं मनगट धरते. चालेल ना तुला?" दुसऱ्याच्या पात्राला हात लावण्याआधी विचारणं ही आमच्या टेबलाची शिस्त आहे. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "धर." तेच मनगट धरून ती म्होरक्याला म्हणाली, "माणशी दोन नाणी, आणि हा हात मी सोडत नाही."

पाळी म्होरक्याची होती. मी कागद पाहिला: पैसे हवेत, जीव द्यायचा नाही. त्याने मागे न बघता हात हलवला, आणि पलीकडच्या धनुष्यवाल्याने धनुष्य परत खांद्यावर टाकलं. चोराला विचारलं, "तुझी पाळी, काय करतोस?" तो म्हणाला, "मूठ सोडतो. पण नजर हटवत नाही." फायटरने आठ नाणी मोजली. विझार्डने आपल्या पाळीत कठड्यावरची अक्षरं वाचून पुरी केली.

फेरी संपली, आणि मी पडद्यावरच्या चिठ्ठ्या काढून घेतल्या.